गाडी कोणती थांबवावी? : रेल्वेचा विलंब आणि तत्काळ वाहतूक-नियमनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

रेल्वेच्या इतिहासलेखनात मार्गांचा विस्तार, पूल व बोगद्यांची बांधणी, इंजिनांची वाढती शक्ती आणि रेल्वेने घडवून आणलेले आर्थिक व सामाजिक परिवर्तन यांना मोठे स्थान मिळाले आहे. त्या मानाने, गाड्या उशिरा धावू लागल्यानंतर तो उशीर आवरण्यासाठी दररोज घेतल्या जाणाऱ्या निर्णयांचा इतिहास फारसा चर्चिला गेलेला नाही. रस्त्यावरील वाहन बाजूला होऊन मागच्या वाहनाला वाट देऊ शकते. रुळावरील गाडीला ही सोय नसते. दोन गाड्यांना एकच रूळ एकाच वेळी हवा असेल, तर त्यांपैकी एकीला थांबावेच लागते किंवा दुसऱ्या मार्गावर वळावे लागते. म्हणून एका गाडीचा उशीर तिच्यापुरता मर्यादित न राहता मागच्या आणि समोरच्या गाड्यांपर्यंत पोहोचतो. कोणती गाडी आधी सोडावी, कोणती थांबवावी आणि कोणती दुसऱ्या मार्गाने न्यावी, हा प्रश्न रेल्वेइतकाच जुना आहे. त्याची उत्तरे शोधण्याची साधने मात्र काळानुसार बदलत गेली.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) तारायंत्रापासून संगणकापर्यंत वाहतूक-नियमनाच्या साधनांचा विकास पाहणे.
२) मुंबई उपनगरी रेल्वे, भोर घाट व कोकण रेल्वे यांच्या संदर्भात या नियमनाच्या मर्यादा समजून घेणे.
३) विलंब कमी करण्याच्या निर्णयामागील निकषांची चिकित्सा करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

विषय विवेचन

१. वेळापत्रक आणि तारायंत्र

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर पहिल्या प्रवासी गाडीने सुमारे ५७ मिनिटांत पार केले. त्या काळी गाड्यांचे नियमन मुख्यतः वेळापत्रकावर अवलंबून होते. कोणत्या गाडीने कोणत्या स्थानकात दुसरीची वाट पाहावी, हे आधीच ठरलेले असे. सर्व गाड्या वेळेवर असताना ही व्यवस्था पुरेशी होती. एखादी गाडी रखडली, की समोरची गाडी मोकळा मार्ग असूनही ठरलेल्या स्थानकात तिष्ठत राही. कारण रखडलेली गाडी नेमकी कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नसे.

ही कोंडी तारायंत्राने फोडली. अमेरिकेतील ईरी रेल्वेचे अधीक्षक चार्ल्स मायनट यांनी १८५१ मध्ये तारेने पुढील स्थानकाला समोरची गाडी रोखून धरण्याचा आदेश दिला आणि आपली गाडी पुढे काढली. प्रचलित वृत्तान्तानुसार चालकाने या आदेशावर विसंबून गाडी हाकण्यास नकार दिला, तेव्हा मायनट यांनी स्वतः इंजिन चालविले. चालकाची भीती अनाठायी नव्हती. छापील वेळापत्रकावरचा विश्वास सोडून दूरवरून आलेल्या निरोपावर शेकडो जीव सोपविण्याचा तो प्रश्न होता. गाडी धावत असतानाच तिचा कार्यक्रम बदलणे, म्हणजेच आजच्या परिभाषेतील तत्काळ पुनर्नियोजन, येथून सुरू झाले असे म्हणता येते.

वेळापत्रकासाठी समान वेळही आवश्यक होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय रेल्वेने मद्रास वेळ स्वीकारली होती, तर मुंबई शहराची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे अर्ध्या तासाने मागे होती. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही मुंबईत स्थानिक वेळेचा वापर १९५५ पर्यंत टिकून राहिला. गाडीला उशीर झाला की नाही हे ठरविण्यापूर्वी घड्याळ कोणाचे, हे ठरवावे लागले होते.

२. सुरक्षितता, दूरध्वनी आणि आलेख

इंग्लंडमधील क्लेटन बोगद्याचा अपघात (१८६१) आणि आयर्लंडमधील आर्माचा अपघात (१८८९) यांनी गाड्यांमध्ये केवळ वेळेचे अंतर ठेवणे किती धोक्याचे आहे, हे दाखवून दिले. १८८९ च्या ब्रिटिश कायद्याने प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धती सक्तीची केली. मार्गाचे खंड पाडायचे आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी ठेवायची, हे तिचे तत्त्व होय. या पद्धतीने सुरक्षितता वाढली. त्याचबरोबर खंड मोकळा होईपर्यंत मागची गाडी थांबणे अटळ झाले. पुढील काळातील सर्व नियमन या चौकटीतच करावे लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी दूरध्वनीमुळे दुसरा टप्पा आला. इंग्लंडच्या मिडलंड रेल्वेवर सेसिल पॅजेट यांनी १९०७ पासून केंद्रीय नियंत्रणाची पद्धत रुजविली. कोळशाच्या गाड्या तासन्‌तास अडकून पडत आणि इंजिनावरील कामगारांना अतिदीर्घ पाळ्या कराव्या लागत, ही तिची पार्श्वभूमी होती. तोवर प्रत्येक स्थानकाला आपल्यापुरते दिसत असे. आता संपूर्ण विभाग एका माणसाच्या नजरेखाली आला. १९२७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात स्टॅन्ली ते बर्विक या मार्गावर सिग्नल व सांधे एकाच ठिकाणाहून हलविण्याची केंद्रीय व्यवस्था कार्यान्वित झाली. आदेश देणारा आणि तो अमलात आणणारा यांच्यातील अंतर तिने मिटविले.

नियंत्रकाचे प्रमुख साधन मात्र कागदाचेच राहिले. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानके आणि प्रत्येक गाडीसाठी एक तिरपी रेघ, असा हा आलेख असतो. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान. रेघ आडवी झाली की गाडी उभी आहे असे समजावे. फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांच्या ग्रंथातील पॅरिस-ल्यों मार्गाच्या आलेखामुळे ही पद्धत एकोणिसाव्या शतकातच ख्यातनाम झाली होती. भारतीय रेल्वेच्या नियंत्रण कक्षांत अनेक दशके नियंत्रक स्थानकांकडून दूरध्वनीवर आलेल्या वेळा ऐकून रंगीत पेन्सिलींनी असे तक्ते भरत असत. दोन रेघा कोठे छेदणार हे पाहून पुढचे क्रॉसिंग कोणत्या स्थानकात द्यायचे, हे ते मनाशी ठरवीत. हे कौशल्य अनुभवाचे होते आणि ते पाळी संपली की माणसाबरोबर घरी जात असे.

३. मुंबई : जलद आणि धीमा मार्ग

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर (व्हिक्टोरिया टर्मिनस) ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेवरील गाडी हार्बर मार्गाने धावली. १९२८ मध्ये बोरीबंदर-भायखळा भागात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल आले. त्यामुळे गाड्या एकमेकींच्या अधिक जवळून, तरीही सुरक्षितपणे सोडता येऊ लागल्या. वाहतूक जसजशी दाट होत गेली, तसतशी उशीर भरून काढण्याची जागा मात्र कमी होत गेली. गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी गाडी सुटत असेल, तर एका गाडीच्या पाच मिनिटांच्या खोळंब्याचा फटका मागच्या गाडीला बसल्यावाचून राहत नाही.

जलद मार्गावर बिघाड झाला की जलद लोकल धीम्या मार्गावर वळविली जाते. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये माटुंगा-मुलुंड दरम्यान हा प्रकार मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. मार्ग बदलण्याला किंमत असते. वळविलेली जलद गाडी प्रत्येक स्थानकात थांबणाऱ्या धीम्या गाडीच्या मागे सापडते. मार्ग बदलण्याचे सांधे ठरावीक ठिकाणीच असतात. फलाट बदलल्याची घोषणा झाली की हजारो प्रवाशांना जिन्यांकडे धाव घ्यावी लागते. नियंत्रण कक्षातील एका ओळीचा निर्णय फलाटावर चेंगराचेंगरीच्या भयासह उतरतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरी सेवा ठप्प झाली. सर्वच रूळ पाण्याखाली गेल्यावर गाड्या वळविण्यास मार्गच उरला नाही. २ जानेवारी २०१५ रोजी तांत्रिक बिघाडामुळे गाड्या खोळंबल्यानंतर दिवा स्थानकात प्रवाशांच्या संतापाचा उद्रेक झाला व आंदोलनाला हिंसक वळण लागले. पहिल्या घटनेतून पर्यायी मार्गाचे महत्त्व कळते, तर दुसरीतून विलंबाचा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही हे दिसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका राष्ट्राला अर्पण झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल यांना वेगळे करणारी ही मार्गिका म्हणजे नियंत्रकाच्या हाती आलेला नवा पर्यायच होय.

४. घाट आणि कोकण : वळणमार्गांचा इतिहास

भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. १ : ३७ इतक्या तीव्र चढावर कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागत असल्याने येथे गाडीचा वेग आणि क्रम दोन्हींवर बंधने येतात. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडला, तर काही गाड्या कल्याण-इगतपुरी-मनमाड-दौंड या मार्गाने पुण्याकडे नेल्या जातात. दौंड-मनमाड हा दुवा १८७८ मध्ये सुरू झाला. एकोणिसाव्या शतकात घातलेला हा रूळ आजही घाट बंद असताना सुटकेचा मार्ग ठरतो.

१९९८ मध्ये पूर्ण खुली झालेली, रोहा ते ठोकूर अशी ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे प्रामुख्याने एकेरी मार्गाची आहे. एकेरी मार्गावर गाड्या एकमेकींना केवळ स्थानकातच ओलांडू शकतात. त्यामुळे एक गाडी वीस मिनिटे उशिरा आली, की समोरच्या गाडीला नियोजित स्थानकात थांबवावे की पुढच्या स्थानकापर्यंत आणावे, हा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो. पावसाळ्यासाठी कमी वेगाचे वेगळे वेळापत्रक ठेवून कोकण रेल्वेने अनिश्चिततेचा काही भाग आधीच हिशेबात धरला आहे. मार्ग पूर्ण बंद झाल्यास पुणे-मिरज-लोंढा-मडगाव हा लांबचा वळसा घ्यावा लागतो.

५. संगणक आणि गणित

अशा संघर्षांची संख्या वाढली की मानवी बुद्धी थकते. प्रत्येक संघर्षाला ‘ही आधी’ किंवा ‘ती आधी’ असे दोनच पर्याय धरले, तरी दहा संघर्षांसाठी १,०२४ आणि वीस संघर्षांसाठी दहा लाखांहून अधिक क्रम संभवतात. १९७३ मध्ये ब्राझीलच्या संदर्भात श्पिगेल यांनी एकेरी मार्गावरील गाड्यांचा प्रश्न कारखान्यातील यंत्रांवर कामे लावण्याच्या प्रश्नासारखा मांडला : मार्गाचा खंड म्हणजे यंत्र आणि गाडी म्हणजे काम. २००२ मध्ये मॅशिस व पाचिआरेल्ली यांनी, पुढील यंत्र मोकळे होईपर्यंत काम आधीच्या यंत्रावर अडून राहते, ही अट या मांडणीत आणली. ती ब्लॉक पद्धतीशी तंतोतंत जुळणारी होती. त्या पायावर २००७-०८ मध्ये दारिआनो व सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील रेल्वेच्या उदाहरणांवर गाड्यांचा क्रम आणि स्थानिक मार्ग बदलण्याच्या रीती तपासल्या.

प्रत्यक्ष वापरातही प्रयत्न झाले. जपानच्या शिंकान्सेनवर १९६४ पासून केंद्रीय नियंत्रण होते. १९७२ मध्ये त्याला कॉमट्रॅक या संगणक प्रणालीची जोड मिळाली. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या आरंभी सदर्न रेल्वेने नियंत्रकाला सल्ला देणारी प्रणाली वापरात आणली. नॉर्वेत २०१४ मध्ये स्टाव्हँगर-मोई मार्गावर गणिती पद्धतीने निर्णय सुचविणारी प्रणाली कार्यरत झाली. भारतात रेल्वे सूचना प्रणाली केंद्राने (क्रिस) विकसित केलेल्या नियंत्रण कार्यालय प्रणालीमुळे पेन्सिलीचा तक्ता संगणकाच्या पडद्यावर आला. तथापि आलेख आपोआप काढला जाणे आणि उत्तम निर्णय आपोआप सुचविला जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीमुळे परिस्थिती दिसते. दुसरीसाठी ‘उत्तम’ म्हणजे काय, हे आधी सांगावे लागते.

६. विलंब कोणाचा मोजायचा?

हा मुद्दा एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एकेरी मार्गावर ८०० प्रवाशांची एक्सप्रेस उशिरा येत आहे आणि समोरून १,२०० प्रवाशांची पॅसेंजर वेळेवर आहे. पॅसेंजर थांबविल्यास तिला १८ मिनिटे खोळंबावे लागेल. एक्सप्रेस थांबविल्यास तिला आणखी १२ मिनिटे लागतील. प्रवाशांच्या मिनिटांत हिशेब केला, तर पहिल्या पर्यायाची किंमत २१,६०० आणि दुसऱ्याची ९,६०० इतकी होते. तरीही प्रतिष्ठित गाड्यांचा वक्तशीरपणा हाच निकष असेल, तर पॅसेंजरच थांबेल. त्या निकषाच्या अहवालात पॅसेंजरमधील माणसांच्या १८ मिनिटांची नोंदही होणार नाही.

अपघात-मदत गाडीला अग्रक्रम देणे सर्वमान्य आहे. त्याखालील क्रम मात्र धोरणाचा विषय असतो. जर्मन संशोधक अनिता शोबेल यांनी २००१ च्या सुमारास जोडगाडीने उशिरा येणाऱ्या प्रवाशांसाठी थांबावे की नाही, या प्रश्नाची गणिती मांडणी केली. त्यातून गाडीऐवजी प्रवासी केंद्रस्थानी आला. स्वित्झर्लंडच्या संघीय रेल्वेने तीन मिनिटांच्या मर्यादेसह प्रवाशांच्या संख्येनुसार वक्तशीरपणा मोजण्याची पद्धत स्वीकारली. भरलेल्या गाडीचा उशीर आणि रिकाम्या गाडीचा उशीर तिथे सारखा मानला जात नाही.

निष्कर्ष

१) तार, दूरध्वनी, आलेख आणि संगणक यांनी क्रमाक्रमाने नियंत्रकाची दृष्टी विस्तारली. मूळ प्रश्न मात्र तोच राहिला.
२) तत्काळ पुनर्नियोजनाला पर्यायी मार्ग, सांधे आणि वेळापत्रकातील सवड यांची गरज असते. जिथे यांपैकी काहीच शिल्लक नाही, तिथे कोणतीही गणिती रीत विलंब नाहीसा करू शकत नाही. ती फक्त त्याची वाटणी करते.
३) ही वाटणी करणारा निकष पूर्वी नियंत्रकाच्या अनुभवात दडलेला होता. संगणकामुळे तो लेखी मांडावा लागतो, हे या तंत्रज्ञानाचे महत्त्वाचे ऐतिहासिक योगदान होय. लिहिलेला निकष तपासता येतो आणि बदलताही येतो.
४) म्हणून विलंब-निवारणाच्या नव्या प्रणाली स्वीकारताना केवळ गाड्यांची नव्हे, तर प्रवाशांची मिनिटे मोजली जाणे आणि अग्रक्रमाचे नियम सार्वजनिक असणे आवश्यक ठरते. लहान स्थानकात बाजूच्या रुळावर थांबविलेल्या गाडीतील माणसाला आपण का थांबलो आहोत हे कळणे, हाही वक्तशीर रेल्वेसेवेचाच भाग होय.