कंसात शून्य का चालत नाही?

लॉगच्या फलाचा प्रांत काढायचा, तर कंसातली राशी शून्यापेक्षा मोठी ठेवायची, एवढं अकरावीच्या विद्यार्थ्याला पाठ असतं. या एका अटीत दोन बंद्या आहेत, एक शून्यावर आणि दुसरी ऋण संख्यांवर. दोन्ही लागू व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली.

शून्यावरची बंदी लॉगइतकीच जुनी. एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनचा जमीनदार जॉन नेपियर याने १६१४ साली पहिली कोष्टकं छापली. व्याख्येसाठी त्याने दोन बिंदू एकाच वेळी धावायला सोडले. एक सम वेगाने जातो. दुसरा १ कोटी एकक लांबीच्या रेषाखंडावर धावतो आणि उरलेलं अंतर जसजसं घटतं, तसतसा त्याच प्रमाणात मंदावतो. पहिल्याने कापलेलं अंतर हा दुसऱ्याच्या उरलेल्या अंतराचा लॉग. दुसरा बिंदू टोकाला कधीच पोहोचत नाही, त्यामुळे शून्याला लॉग मिळालाच नाही.

नेपियरचा हिशेब लांब्यांचा, तेव्हा ऋण संख्यांचं कोडं पडलं नाही. ते पडलं १७१२-१३ मध्ये, लायबनित्स आणि योहान बर्नुली यांच्या पत्रांत. बर्नुली म्हणे, क्ष आणि −क्ष यांच्या लॉगचं विकलन एकच येतं, म्हणून लॉगही एकच. त्याच्या बाजूचा आणखी एक युक्तिवाद असा: (−१)² = १, म्हणून २ लॉग (−१) = लॉग १ = ०, म्हणजे लॉग (−१) शून्यच! लायबनित्सला हे साफ नामंजूर होतं. निकाल लावला ऑयलरने, १७५१ साली छापलेल्या निबंधात. ऋण संख्येला लॉग एक नाही, अनंत आहेत, पण त्यांतला एकही वास्तव नाही.

बर्नुलीच्या बाजूची ती चूक आजही उत्तरपत्रिकांत सापडते. लॉग क्ष² च्या जागी बेधडक २ लॉग क्ष लिहिलं जातं. पहिल्याच्या प्रांतात शून्य सोडून सगळ्या वास्तव संख्या आहेत, दुसऱ्याच्या फक्त धन. उलट दिशेनेही फसगत होते. पाया १० घेऊन लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १ सोडवलं, की क्ष² − ३क्ष − १० = ० येतं आणि ५ व −२ ही दोन उत्तरं हाती लागतात. मूळ समीकरणाचा प्रांत क्ष > ३ असल्यामुळे −२ बाद.

तेव्हा लॉगचे नियम लावण्याआधी प्रांत लिहून ठेवावा.