लायपोसक्शन आणि काळेनिळे डाग

लायपोसक्शन म्हणजे त्वचेखालची चरबी पोकळ नळीने शोषून काढण्याची शस्त्रक्रिया. नळी चरबीच्या थरात पुढे-मागे फिरते तेव्हा त्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्याही तुटतात. त्यांतून झिरपलेले रक्त आजूबाजूला पसरते आणि पोट, कंबर किंवा मांड्यांवर काळेनिळे डाग उमटतात. शरीराच्या दृष्टीने हा मुका मारच असतो. हे डाग पडणार, हे शस्त्रक्रियेआधीच ठाऊक असते. ते किती पडले तर स्वाभाविक म्हणायचे, याचे माप मात्र दर पिढीत बदलत गेले. 1980 च्या सुमारास जे नेहमीचे मानले जाई, त्यातले बरेचसे आज टाळता येण्याजोगे समजले जाते. चरबी काढण्याचे तंत्र शल्यविशारदांच्या हाती आले, तरी ती काढताना रक्त वाचवण्याची युक्ती सापडायला आणखी बराच काळ जावा लागला.

चरबी शोषण्याआधीचा काळ ती कापून काढण्याचा होता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी 1899 मध्ये पोटावरची लोंबती चरबी आणि त्वचा आडवा छेद घेऊन काढली. ब्राझीलचे इव्हो पितांगी यांनी 1964 मध्ये मांड्यांच्या बाहेरच्या बाजूची चरबी त्वचेसह कापून काढण्याची पद्धत मांडली. या शस्त्रक्रियांचे व्रण लांबलचक राहत. पण त्यांचा एक गुण नजरेआड करता येत नाही. जखम उघडी असल्यामुळे रक्त कुठून येते ते दिसे, आणि जी वाहिनी दिसते ती बांधता येते. व्रण लहान करण्याच्या हव्यासात शल्यविशारदांनी लहान छिद्रातून, न पाहता काम सुरू केले आणि ही सोय गमावली.

त्या प्रयत्नांची सुरुवात भीषण झाली. 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल दुजारिए या शल्यविशारदाने एका नर्तकीच्या पायांची जाडी कमी करण्यासाठी गर्भाशय खरवडण्याचे हत्यार, म्हणजे क्युरेट, वापरले. पायाचा रक्तपुरवठा तुटला, गँगरीन झाले आणि पाय कापावा लागला. प्रकरण न्यायालयात गेले. फ्रान्समध्ये या घटनेची एवढी धास्ती बसली की केवळ सौंदर्यासाठी निरोगी पायावर हत्यार चालवण्याचा विषय पुढे अनेक वर्षे मागे पडला.

जर्मनीत योझेफ श्रुडे यांनी 1960 च्या दशकात तोच विचार पुन्हा हाती घेतला. लहान छेद घ्यायचा आणि धारदार क्युरेटने चरबी खरवडायची, अशी त्यांची रीत होती. स्वित्झर्लंडमध्ये केसलरिंग आणि मायर यांनी 1970 च्या दशकात अशा धारदार क्युरेटला शोषणाची जोड दिली. दोन्हींत मूळ अडचण तीच राहिली. धारदार कड चरबी आणि रक्तवाहिनी यांत भेद करत नाही. ती फिरते तिथे त्वचेखाली सलग पोकळी तयार होते आणि त्या पोकळीत रक्त किंवा पिवळसर स्राव साठतो. रक्त साठले की हिमॅटोमा, स्राव साठला की सेरोमा. या काळातल्या रुग्णांच्या त्रासात या दोहोंचा वाटा मोठा होता, आणि डाग फिके पडल्यावरही सेरोमा पुन्हापुन्हा सुईने काढावा लागे.

रोममध्ये आर्पाद आणि जॉर्जो फिशर या पितापुत्रांनी 1974 च्या सुमारास पोकळ नळी आणि शोषण यांचा मेळ घातला. आजच्या लायपोसक्शनचा आरंभ साधारणपणे त्यांच्यापासून मोजतात. खरे वळण मात्र पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी दिले. 1977 मध्ये त्यांनी एका रुग्णाच्या पाठीवरची चरबीची गाठ मोठा व्रण न ठेवता शोषून काढली आणि तेच तंत्र मांड्या, नितंब व पोटासाठी वापरायला घेतले. त्यांच्या नळीचे टोक बोथट होते आणि भोक टोकाच्या थोडे मागे, बाजूला होते. दिसायला हा बदल किरकोळ आहे; परिणाम मात्र मूलगामी झाला. बोथट टोक मऊ चरबीत शिरते, पण तिच्यातून जाणाऱ्या चिवट तंतुमय पडद्यांना आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या व मज्जातंतूंना बऱ्याच अंशी बाजूला सारून पुढे जाते. सलग पोकळीऐवजी वेगवेगळे बोगदे तयार होतात आणि मधले पडदे शाबूत राहिल्याने आतला भाग मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र उरतो. त्वचा खालच्या थराला याच पडद्यांनी बांधलेली राहते, म्हणून स्राव साठायला मोठी जागा सापडत नाही. सेरोमांचे प्रमाण उतरले. 1982 मध्ये होनोलुलू येथे अमेरिकी प्लास्टिक सर्जनांच्या संमेलनात इलूझ यांनी आपले अनुभव मांडले, आणि काही वर्षांतच हे तंत्र अमेरिकेत सर्वत्र पसरले.

पसरले खरे, पण रक्तस्रावाचा प्रश्न सुटला नव्हता. इलूझ नळी घालण्याआधी चरबीत क्षारद्रावण आणि हायल्युरोनिडेज नावाचे विकर सोडत; याला ओली पद्धत म्हणत. पॅरिसचेच पिएर फुर्निए कोरड्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. तिच्यात पूर्ण भूल देऊन, आत काहीही न सोडता चरबी शोषली जाई. कोरड्या पद्धतीत बरणीत जमा होणाऱ्या ऐवजाचा 20 ते 45 टक्के भाग रक्ताचा असे. म्हणजे 2 लिटर ऐवज काढला तर 400 ते 900 मिलिलिटर रक्त गेले. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 5 लिटर रक्त असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळते. म्हणून काही रुग्णांचे रक्त आधीच काढून ठेवत आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तेच परत चढवत. बरणीत आले ते रक्त मोजता तरी येई. ऊतींमध्ये मागे राहिलेले रक्त पुढचे काही आठवडे रुग्णाच्या त्वचेवर दिसत राही. त्या काळी गडद, पसरलेले डाग आणि अशक्तपणा हा बरे होण्याचाच भाग धरला गेला, कारण दुसरा मार्ग माहीत नव्हता. 1984 मध्ये ग्रेगरी हेटर यांनी अगदी सौम्य प्रमाणातले एपिनेफ्रिन आत सोडल्यास शस्त्रक्रियेनंतर होणारी रक्ताच्या प्रमाणातली घट कमी होते, असे दाखवले. एपिनेफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, हे जुनेच ज्ञान होते. ते इथे लागू करण्याचा हा प्रयत्न महत्त्वाचा ठरला.

कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी हा धागा शेवटापर्यंत नेला. औषधशास्त्राचा त्यांचा अभ्यास होता आणि पूर्ण भूल टाळून केवळ जागेवरच्या भुलीत चरबी काढता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. 1987 मध्ये त्यांनी ट्युमेसंट तंत्र प्रसिद्ध केले. भुलीचे औषध लिडोकेन, सुमारे 10 लाखांत 1 इतके विरळ एपिनेफ्रिन आणि सोडियम बायकार्बोनेट घातलेले भरपूर सलाईन चरबीत इतके सोडायचे की तो भाग फुगून टणक व्हावा. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्याने त्वचा पांढुरकी पडते. मग काही वेळ थांबून, बारीक नळीने चरबी काढायची. या पद्धतीत ऐवजातील रक्ताचे प्रमाण सुमारे 1 टक्क्यावर आले. बरणीतला लाल ऐवज पिवळा दिसू लागला.

क्लाइन यांनी मोडलेला दुसरा समज लिडोकेनच्या मात्रेचा होता. एपिनेफ्रिनसह लिडोकेनची प्रचलित कमाल मात्रा शरीराच्या दर किलोला 7 मिलिग्रॅम होती. विरळ द्रावणातून औषध रक्तात फार सावकाश उतरते, त्याची रक्तातली पातळी 12 तासांच्या आसपास शिखर गाठते, हे मोजून त्यांनी 1990 मध्ये दर किलोला 35 मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सुरक्षित असल्याचे मांडले. त्यामुळे रुग्ण जागा ठेवून शस्त्रक्रिया करणे शक्य झाले आणि तो त्याच दिवशी चालत घरी जाऊ लागला. 1995 मध्ये हँके आणि सहकाऱ्यांनी ट्युमेसंट तंत्राने शस्त्रक्रिया झालेल्या 15,336 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात एकही मृत्यू नव्हता आणि कोणालाही रक्त चढवावे लागले नव्हते.

याच्या अगदी उलट चित्र 2000 मध्ये ग्रेझर आणि द याँग यांच्या पाहणीने समोर आणले. अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांकडून मिळालेल्या माहितीत सुमारे 5,000 शस्त्रक्रियांमागे 1 मृत्यू आढळला, आणि मृत्यूच्या कारणांत फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ सर्वांत पुढे होती. एकाच वेळी फार चरबी काढणे, इतर शस्त्रक्रिया जोडून करणे आणि पूर्ण भूल यांच्यामुळे धोका वाढतो, ही जाणीव या पाहणीनंतरच्या चर्चेतून पक्की झाली. त्यानंतर एका वेळी 5 लिटरहून अधिक ऐवज काढणे ही वेगळी, जास्त दक्षतेची शस्त्रक्रिया मानली जाऊ लागली. अल्ट्रासाऊंड, लेझर आणि कंप पावणाऱ्या नळ्याही 1990 नंतर आल्या. त्यांनी शल्यविशारदाचे श्रम वाचवले, पण उष्णतेने त्वचा भाजण्याचा नवा धोकाही आणला. काळेनिळे डाग कमी करण्यात त्यांच्यापेक्षा विरळ एपिनेफ्रिन आणि बारीक नळीचा वाटा मोठा आहे. सुरुवातीला नळ्यांचा व्यास 10 मिलिमीटरपर्यंत असे. आज 2 ते 4 मिलिमीटरच्या नळ्या सर्रास वापरतात.

शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषाही याच काळात बदलली. आरंभी छेद टाके घालून बंद करत आणि अंगाला चिकटपट्ट्यांनी घट्ट आवळत. ट्युमेसंट तंत्रात आत सोडलेले पुष्कळसे द्रावण मागे राहते, आणि छेद शिवून टाकले तर ते रक्तासह आतच कोंडते. क्लाइन यांनी छिद्रे उघडीच ठेवून ते बाहेर वाहू देण्याचा आग्रह धरला. जोवर स्राव वाहतो तोवर जास्त दाब, तो थांबल्यावर हलका दाब, ही त्यांची शिस्त होती. अति आवळल्याने लसिकावाहिन्या दबतात आणि सूज उतरायला उलट वेळ लागतो. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने 1930 च्या दशकात विकसित केलेली लसिका-मालिशही पुढे या शुश्रूषेत शिरली.

डागांचे रंग का बदलतात, याचा उलगडा वेगळ्याच दिशेने झाला. 1847 मध्ये रुडॉल्फ फिरशो यांनी जुन्या रक्तस्रावाच्या जागी पिवळसर-तांबूस स्फटिक पाहिले आणि ते रक्तातल्या रंगद्रव्यापासून बनतात असे मांडले. 1968 मध्ये टेनहुनेन, मार्व्हर आणि श्मिड यांनी हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधले लोहयुक्त रंगद्रव्य, फोडणारे विकर वर्णिले. सांडलेल्या तांबड्या पेशी भक्षकपेशी गिळतात. हीमपासून हिरवे बिलिव्हर्डिन, त्यापासून पिवळे बिलिरुबिन तयार होते आणि सुटलेले लोह हिमोसिडेरिनच्या तपकिरी रूपात साठते. त्यामुळे जांभळा डाग हिरवट, मग पिवळा होत जातो. पिवळी झाक हे डाग ओसरत असल्याचे चिन्ह आहे. पू होत असल्याचा ग्रह करून घेण्याचे कारण नाही.

आजच्या पद्धतीत पहिले 24 ते 48 तास छिद्रांतून गुलाबी पाणी वाहते. त्यात बहुतांश द्रावण आणि थोडे रक्त असते. कापडाला लागलेला रंग पाहून रुग्ण धास्तावतो, पण हे वाहणे हिताचे असते. डाग पहिल्या आठवड्यात सर्वांत ठळक होतात आणि 2 ते 4 आठवड्यांत जातात. रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते, म्हणून पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जांघ आणि जननेंद्रियांवर, मांडीच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघ्यामागे काळेपणा दिसतो. तिथे हत्यार लागलेले नसते. पाठ, कंबरेच्या बाजू आणि पुरुषांची छाती येथील चरबी तंतुमय असल्याने रक्तस्राव जास्त होतो. ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना त्यांच्या 7 ते 10 दिवसांच्या आयुष्यभरासाठी निकामी करते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ते आधीच थांबवतात. हृदयविकारासाठी घेतले जाणारे औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

सूज पहिले काही दिवस वाढते. या काळात वजनकाट्यावर आकडा उतरत नाही, कधी चढतोही. तो साठलेल्या पाण्याचा असतो. बरीचशी सूज 4 ते 6 आठवड्यांत उतरते. मधल्या काळात त्वचेखाली गाठीसारखा टणकपणा, बधिरपणा, मुंग्या आणि खाज जाणवते. हे हळूहळू मावळते आणि अंगाचा अंतिम आकार 3 ते 6 महिन्यांनी कळतो. चालणे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू करतात, कारण पायात रक्ताची गाठ होऊ नये यासाठी हालचाल हवीच. जड व्यायामाला काही आठवडे थांबावे लागते. डाग असताना ऊन टाळतात.

स्वाभाविक डाग दुखरे असले तरी दोन्ही बाजूंना साधारण सारखे असतात आणि दिवसागणिक ओसरतात. एकाच बाजूला वेगाने वाढणारी, ताणलेली सूज आत रक्त साठत असल्याची खूण आहे. एका पोटरीत दुखणे व सूज किंवा अचानक धाप रक्ताची गाठ सुचवते. पहिल्या 3 दिवसांत धाप, गोंधळलेपण आणि अंगावर बारीक लाल ठिपके दिसले तर रक्तात मिसळलेल्या चरबीचा संशय घेतात. ताप, पसरणारी लाली, डागाच्या मानाने फारच असह्य वेदना किंवा काळी पडत जाणारी, फोड आलेली त्वचा जंतुसंसर्ग वा पेशी मरण्याची लक्षणे असतात आणि त्यांत तासही महत्त्वाचे ठरतात. काही दिवसांनी दाबल्यावर पाणी हलल्यासारखा फुगवटा जाणवला तर तो सेरोमा असतो. तो बहुधा सुईने काढून आणि दाब देऊन आटोपतो.