मौनाचे गाव आणि फाटलेला सूर

नगरहून (आताच्या अहिल्यानगरहून) दौंडकडे जाताना अरणगावजवळ मेहेराबाद लागते. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. आधी अक्षरफळ्यावर बोट ठेवून आणि १९५४नंतर नुसत्या हातवाऱ्यांनी ते बोलत. त्यांच्या समाधीच्या दर्शनाला १९७२ साली एक इंग्रज गिटारवादक आले होते. त्यांचे नाव पीट टाउनशेंड, वाद्यवृंद 'द हू'. याच वृंदाच्या ३१ मे १९७६च्या लंडनमधील मैफलीत ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबेल आवाज मोजला गेला. सर्वांत कर्कश मैफल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. (पुढे बहिरेपणाच्या धोक्यामुळे गिनीजने हा विक्रमच नोंदवणे बंद केले, हे बरे झाले.)

मौनी बाबांच्या भक्ताला एवढा आवाज कशासाठी हवा होता? हौस होतीच, पण काही दोष व्हॉल्व्हचाही होता.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ढोलवादकाचे वाद्यांचे दुकान होते. तेथे १९६२ साली, फेंडर कंपनीच्या अमेरिकन अँप्लिफायरवरून, पहिला मार्शल अँप्लिफायर तयार झाला. टाउनशेंड आणि त्यांचे सहकारी जॉन एंटविसल यांना तो पुरेना. त्यांच्या आग्रहावरून १९६५ साली १०० वॉटचा अँप्लिफायर आणि १२ इंची आठ स्पीकरांचे खोके बनले. ते उचलताना हमालांची कंबर मोडू लागली, तेव्हा चार-चार स्पीकरांची दोन खोकी एकावर एक रचण्याची पद्धत पडली.

अँप्लिफायरचे काम म्हणजे तारेच्या कंपनातून आलेला क्षीण विद्युत संकेत जसाच्या तसा मोठा करणे. हा झाला स्वच्छ सूर. पण व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपलीकडे रेटले की तरंगाचे माथे आणि तळ चपटे होतात. चपटा तरंग म्हणजे मूळ स्वरात नव्या वारंवारता मिसळल्या. ४४० हर्ट्झच्या स्वराचे दोन्ही बाजूंचे माथे सारखे कापले, तर १३२०, २२०० असे विषम पट उमटतात. असमान कापले तर ८८०सारखे समपटही येतात. अभियंत्यांच्या लेखी हा दोष, वादकांना मात्र तो गोड वाटला. आपण तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावतो, तीही उपस्वर खुलवण्यासाठीच. यंत्रणा वेगळी, कानाची आवड तीच.

अडचण अशी की शक्तिशाली व्हॉल्व्ह पूर्ण जोराने चालवल्याखेरीज असा फाटत नाही. म्हणजे सूर हवा तर गोंगाट सोसा! टाउनशेंड यांचे कान अधू झाले. ते स्वतः त्याचा दोष मुख्यतः स्टुडिओतल्या हेडफोनला देतात.

सूर आणि गोंगाट यांची फारकत नंतर छोट्या डब्यांनी केली. १९७९च्या 'ट्यूब स्क्रीमर' या पायाने दाबायच्या डब्यात डायोड तरंगाचे माथे कापतात. पण असा डबा थेट मिक्सरला जोडला तर माशी गुणगुणल्यासारखा आवाज येतो. कारण गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचे फारसे वाजवतच नाही. वरचा खरखरीत भाग तोच गाळत असतो. म्हणून १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू बार्टा यांनी 'सॅन्सअँप' काढला, त्यात व्हॉल्व्हची नक्कल आणि स्पीकरची गाळणी दोन्ही होते. १९९८च्या 'पॉड'ने हेच काम अंकीय गणिताने केले.

शाळेत ऑसिलोस्कोप असेल तर हे दाखवता येते. संकेतजनित्राला १ किलोओहमचा रोध जोडा. त्यापुढे दोन सिलिकॉन डायोड एकमेकांना समांतर, पण उलट दिशांनी जोडा आणि त्यांच्या दोन टोकांतील विभव पाहा. संकेताचा माथा २ व्होल्ट ठेवला तर तरंग सुमारे ०.६ व्होल्टला चपटा होईल. संकेत ०.३ व्होल्टवर आणा, तरंग पुन्हा गुळगुळीत दिसेल. वादक गिटारवरचे आवाजाचे बटण किंचित मागे फिरवतो, तेव्हा हेच करीत असतो.