मार्ककृत शुभवर्तमान : ग्रीक संहितेचा अभ्यास

बायबलच्या नव्या करारातील चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत लहान आणि बहुसंख्य अभ्यासकांच्या मते सर्वांत जुने शुभवर्तमान. रचनाकाळ सामान्यतः इ. स. ६५ ते ७५ मानतात. मूळ मजकुरात लेखकाचे नाव नाही. येशूचा शिष्य पेत्र याचा सहकारी मार्क याने ते लिहिले, ही परंपरा दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक पापियास याच्यापर्यंत मागे जाते. सोळा अध्यायांचा हा ग्रंथ कोइने ग्रीकमध्ये, म्हणजे अलेक्झांडरनंतर पूर्व भूमध्य प्रदेशात रूढ झालेल्या व्यवहारभाषेत आहे. मत्तय व लूक या शुभवर्तमानकारांनी त्याचाच आधार घेतला, असे बहुतेक संशोधक मानतात.

भाषा व कथनशैली : मार्कची वाक्ये आखूड असून बहुधा ‘काइ’ (आणि) या अव्ययाने जोडलेली आहेत. ‘एउथुस’ (लगेच) हा शब्द सुमारे ४० वेळा येतो. घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगण्याची लकब सुमारे १५० ठिकाणी दिसते. मराठी कथेकऱ्यालाही ती परिचित आहे. ‘तलिथा कूम’ (मुली, ऊठ) यासारखे अरामी उद्गार जसेच्या तसे ठेवून तो त्यांचा अर्थ देतो. रोमी शताधिपतीसाठी मत्तय व लूक ग्रीक शब्द वापरतात, तर मार्क ‘केंतुरिओन’ हा लॅटिन शब्दच ठेवतो.

या साधेपणामुळे मार्कला ओबडधोबड लेखक ठरवले गेले. मूळ संहिता बारकाईने वाचली की हे मत टिकत नाही. पाचव्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्रीचा प्रसंग (५:२५–२७) पाहावा. तिचे बारा वर्षांचे दुखणे, वैद्यांच्या हातून झालेले हाल, संपलेला पैसा, न आलेला गुण, खालावलेली प्रकृती, कानी आलेली येशूची वार्ता आणि गर्दीतून मागून येणे हे सारे मार्क ओळीने सात धातुसाधितांत सांगतो. वाक्याचे मुख्य क्रियापद ‘हेप्सातो’ (शिवली) त्यानंतर येते. बारा वर्षांचा भार त्या एका स्पर्शावर येऊन ठेपतो. भाषांतरात या वाक्याचे तीन-चार तुकडे झाले की ही बांधणी हरवते. तसेच बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश फाटणे (१:१०) आणि क्रूसावरील मृत्यूनंतर मंदिराचा पडदा फाटणे (१५:३८) यांसाठी एकच क्रियापद योजून मार्कने ग्रंथाची दोन टोके जोडली आहेत.

पाठचिकित्सा : मार्कच्या हातची प्रत उपलब्ध नाही. तिसऱ्या शतकातील ‘पी ४५’ या पपायरसात काही अध्यायांचे तुकडे आहेत. चौथ्या शतकातील सिनायटिकस व व्हॅटिकॅनस या पोथ्यांत पूर्ण मार्क असून दोन्हींत ग्रंथ १६:८ येथे, रिकाम्या कबरीपासून पळालेल्या स्त्रियांच्या भीतीवर संपतो. पुढील बारा वचने (१६:९–२०) बहुतेक पोथ्यांत आहेत. पण त्यांची शब्दकळा वेगळी असल्याने ती नंतरची भर मानली जाते. १:४१ मध्ये कुष्ठरोग्याला पाहून येशूला कळवळा आला, असे बहुतेक पोथ्या सांगतात; बेझा पोथीत मात्र तो रागावला, असा पाठ आहे. रागाच्या जागी कळवळा घालण्याचा मोह लेखनिकाला होऊ शकतो, उलट बदल कमी संभवतो. म्हणून काही विद्वान अवघड पाठच मूळ मानतात. बहुतेक प्रचलित चिकित्सित आवृत्त्यांनी मात्र ‘कळवळा’ हाच पाठ स्वीकारला आहे.

अभ्याससाधने : ग्रीक नवा करार इरॅस्मसने १५१६ मध्ये बाझेल येथे छापून प्रसिद्ध केला. आज नेस्टले-आलांट आवृत्ती (२८ वी, २०१२) प्रमाण धरली जाते. शब्दार्थासाठी बाउअरचा कोश वापरतात. ईजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरील पत्रे व हिशेब यांच्या आधारे आडॉल्फ डाइसमान यांनी दाखवून दिले, की नव्या कराराची ग्रीक ही वेगळी ‘पवित्र’ भाषा नसून सामान्य माणसांची बोली होती.

मराठीत मूळ संहितेच्या अभ्यासाचा मोठा मान पंडिता रमाबाईंचा (१८५८–१९२२). केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी मुळावरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रीक शिकू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाने मार्कपासून आरंभ करावा : शब्दसंग्रह जेमतेम १,३०० शब्दांचा, वाक्ये सरळ आणि मूळ वाचल्याचे फळ पहिल्याच अध्यायापासून हाती येणारे.