वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया अर्थात बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया ही तीव्र लठ्ठपणा आणि त्याच्याशी निगडित विकारांवरील उपचार म्हणून जठराच्या, व काही प्रकारांत लहान आतड्याच्याही, रचनेत बदल करणारी शस्त्रक्रिया होय. ‘बॅरिॲट्रिक’ हा शब्द ‘वजन’ या अर्थाच्या ‘बारोस’ या ग्रीक शब्दाला वैद्यकवाचक ग्रीक पद जोडून तयार झाला आहे. ही शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. फुटलेल्या अपेंडिक्सच्या रुग्णाला विचार करण्यास सवड नसते. येथे मात्र रुग्णाला आठवडे किंवा महिने मिळतात. शस्त्रक्रिया करावी की नाही, केल्यास कोणती आणि तिच्यानंतरचे जीवन आपल्याला निभावता येईल का, या प्रश्नांचा विचार हा त्यामुळे उपचाराचाच एक भाग मानला जातो.

त्वचेखालील चरबी शोषून काढणारी लायपोसक्शन ही सौंदर्यशल्यचिकित्सा असून ती या लेखाचा विषय नाही. सामान्य बोलण्यात या दोन्हींची गल्लत वारंवार होते. लायपोसक्शनने मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांवर उपचार होत नाही.

इतिहास

१९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमेन आणि लिनर या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळण्याची पद्धत मांडली. तिने वजन झपाट्याने उतरत असे, परंतु तीव्र अतिसार, मूतखडे आणि यकृत निकामी होणे यांसारख्या परिणामांमुळे ती पुढे सोडून द्यावी लागली. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या रुग्णांचे वजन नंतर वाढत नाही, या निरीक्षणावरून आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी चिकाशी इतो यांच्यासह १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास केली. १९९० च्या दशकात ही शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे होऊ लागली. मोठा छेद टळल्याने रुग्णालयातील मुक्काम काही दिवसांवर आला आणि रुग्णांचा कलही बदलला. भारतात नितीन गडकरी (२०११) आणि अरुण जेटली (२०१४) यांच्यावरील शस्त्रक्रियांच्या बातम्यांमुळे हा विषय वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला.

प्रकार

सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढला जातो व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक राहते. काढलेला भाग परत जोडता येत नाही. रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. उरलेले जठर शरीरातच राहते, पण अन्न त्यातून जात नाही. एकच जोड असलेला बायपास भारतात ‘मिनी बायपास’ या नावाने ओळखला जातो. जठराभोवती पट्टा बसवण्याची पद्धत एकेकाळी लोकप्रिय होती. आता ती मागे पडली आहे.

जठर लहान झाल्याने माणूस कमी जेवतो आणि म्हणून बारीक होतो, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. भूक वाढवणाऱ्या घ्रेलिनचे प्रमाण घटणे, जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-१ सारख्या संप्रेरकांचे प्रमाण वाढणे, असे बदलही घडतात. बायपासनंतर अनेक मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा वजन उतरण्यापूर्वीच, पहिल्या काही दिवसांत सुधारते, ती अंशतः यामुळे.

प्रकाराची निवड रुग्णाच्या इतर आजारांवर अवलंबून असते. तीव्र आम्लपित्त किंवा छातीत जळजळीचा जुना त्रास असल्यास तो स्लीव्हनंतर बळावण्याचा संभव असल्याने बायपास सुचवला जातो. याउलट सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नियमित घ्याव्या लागणाऱ्या रुग्णात बायपासच्या जोडावर व्रण होण्याचा धोका असतो. ओळखीतल्या कोणाला अमुक प्रकार लाभला, हा निकष त्यामुळे फारसा उपयोगाचा नाही.

पात्रतेचे निकष

पात्रता मुख्यतः बॉडी मास इंडेक्सवरून, म्हणजेच बीएमआयवरून ठरते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा आकडा मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सहमतीपत्रकात बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक व सोबत गंभीर सहविकार, अशी मर्यादा होती. ती तीन दशके जगभर वापरली गेली. २०२२ मध्ये अमेरिकेतील व आंतरराष्ट्रीय अशा दोन प्रमुख व्यावसायिक संघटनांनी नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार बीएमआय ३५ पासून सहविकार असोत वा नसोत, आणि टाइप २ मधुमेह असल्यास ३० पासून शस्त्रक्रियेची शिफारस करता येते. आशियाई लोकांसाठी २७.५ च्या वर शस्त्रक्रियेचा पर्याय खुला असावा, असेही त्यांत नमूद आहे.

आशियाई लोकांसाठी वेगळा आकडा का, याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्यातून आले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेह संशोधक चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच शेजारी-शेजारी छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. सारख्याच बीएमआयला भारतीय शरीरात चरबी अधिक व स्नायू कमी असतात आणि मधुमेह कमी वजनावर गाठतो. भारतीयांसाठी २३ पासून अतिवजन व २५ पासून लठ्ठपणा मानण्याची शिफारस २००९ च्या तज्ज्ञ-सहमतीत करण्यात आली.

१६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत हे आकडे असे दिसतात : २७.५ म्हणजे सुमारे ७०.५ किलो, ३० म्हणजे ७७, ३५ म्हणजे ९०, तर ४० म्हणजे १०२ किलोपेक्षा किंचित अधिक. भारतात शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकणारी ७० किलोची व्यक्ती आणि जुन्या निकषात बसणारी १०२ किलोची व्यक्ती यांच्यासमोरचा प्रश्न एक नाही. पहिलीत शस्त्रक्रियेचे समर्थन वजनापेक्षा अनियंत्रित मधुमेहावर उभे असते. मधुमेह नसताना त्या वजनाला केवळ दिसण्यासाठी किंवा लग्न जमवण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणे याला वैद्यकीय आधार नाही.

लाभ

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या प्रत्येकी सुमारे २,००० व्यक्तींचा पाठपुरावा केला गेला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्यांपेक्षा ३ वर्षांनी अधिक होते. तरीही ते सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ५.५ वर्षांनी कमीच राहिले. याच अभ्यासात मधुमेही रुग्णांपैकी ७२ टक्के दोन वर्षांनी मधुमेहमुक्त होते, पण दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. जाहिरातींत बहुधा पहिला आकडा असतो. निर्णय घेणाऱ्याने दुसराही विचारात घेणे आवश्यक आहे, आणि काही वर्षांची साखरमुक्ती ही डोळे व मूत्रपिंडांच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही, हेही.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या ‘स्टँपीड’ चाचणीत १५० मधुमेही रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी करण्यात आली. पाच वर्षांनी एचबीए१सी ६ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्यांचे प्रमाण बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह गटात २३ टक्के, तर केवळ औषधे घेणाऱ्यांत ५ टक्के होते. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनवर जितका अवलंबून, तितकी तो मागे हटण्याची शक्यता कमी असते.

बायपास किंवा स्लीव्हनंतर एकूण वजनाच्या साधारण चतुर्थांश ते तीस टक्के घट अपेक्षित असते. १२० किलोची व्यक्ती त्यामुळे ८५-९० किलोंवर स्थिरावू शकते. ती ‘बारीक’ होईलच असे नाही, आणि पुढील वर्षांत काही वजन परत येणे सामान्य आहे.

धोके व आजन्म बंधने

अमेरिकेतील दहा केंद्रांच्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, ४,७७६ रुग्णांपैकी ०.३ टक्के पहिल्या ३० दिवसांत दगावले व ४.३ टक्के रुग्णांत गंभीर गुंतागुंत झाली. टाक्यांच्या रेषेतून गळती, रक्तस्राव आणि पायातील शिरांतून फुप्फुसात जाणारी गुठळी हे तात्काळ धोके होत. अनुभवी केंद्रांत ते कमी असतात. बहुतेक रुग्ण याच धोक्यांची चौकशी करतात. पण आयुष्यभर सोबत राहणारा भाग वेगळाच आहे.

ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने कायम घ्यावी लागतात आणि वर्षातून किमान एकदा रक्त तपासावे लागते. शाकाहारी भारतीयांत ब-१२ ची कमतरता शस्त्रक्रियेपूर्वीच आढळते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हयगय अधिक महाग पडते. सतत उलट्या होत असतील तर थायमिनच्या अभावाने मेंदूला इजा होऊ शकते. अशा उलट्या ‘पचले नसेल’ म्हणून घरी सोसण्याच्या नसतात. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. पोळी-भाजी-वरण-भाताचे ताट चार-सहा घासांवर आल्यानंतर हे लक्ष्य गाठणे कठीण होते, कारण पातळ वरणाच्या वाटीत प्रथिने थोडीच असतात. म्हणून पनीर, अंडी, मासे, उसळी किंवा प्रथिनांची पावडर ताटात आधी येते आणि भात शेवटी. जेवताना पाणी किंवा ताक पिण्याची सवय मोडावी लागते. बायपासनंतर गोड खाल्ल्यास घाम, धडधड, चक्कर व जुलाब होतात. याला डंपिंग म्हणतात. सणावारी आग्रहाने वाढलेली श्रीखंडाची वाटी अशा व्यक्तीसाठी खरोखर त्रासदायक ठरते.

झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण वाढते. सैल पडलेली त्वचा व्यायामाने पूर्ववत होत नाही. स्त्रियांनी पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असे सांगितले जाते. नेमक्या याच काळात अनियमित पाळी सुधारून गर्भधारणेची शक्यता वाढते आणि बायपासनंतर तोंडावाटे घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्या कमी भरवशाच्या ठरू शकतात. त्यामुळे संततिनियमनाची चर्चा शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवी.

बायपासनंतर मद्य रक्तात लवकर व जास्त प्रमाणात चढते. २०१२ मधील एका अमेरिकी अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षी ७.६ टक्के होते, ते शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले. २००७ मधील यूटा राज्यातील अभ्यासात बायपास झालेल्यांचे एकूण मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा ४० टक्क्यांनी, तर मधुमेहाने होणारे ९२ टक्क्यांनी कमी होते. मात्र अपघात, आत्महत्या यांसारख्या आजारेतर कारणांचे मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक आढळले. अन्न हाच मनाचा आधार असलेल्या व्यक्तीचा तो आधार काढून घेतल्यावर काय उरते, हा प्रश्न शल्यकक्षाबाहेरचा आहे. मानसतज्ज्ञाची भेट ही कागदोपत्री औपचारिकता समजली जाते, ते योग्य नव्हे.

औषधांचा पर्याय

पूर्वी शस्त्रक्रियेची तुलना आहार-व्यायामाशी होत असे. आता ती औषधांशीही करावी लागते. आठवड्यातून एकदा टोचून घेण्याच्या सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के, तर तिर्झेपाटाइडच्या सर्वाधिक मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटल्याचे अनुक्रमे २०२१ व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसले. भारतात तिर्झेपाटाइड ‘मौंजारो’ व सेमाग्लुटाइड ‘वेगोवी’ या नावांनी २०२५ मध्ये उपलब्ध झाली. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. औषध सोडता येते, शस्त्रक्रिया मागे घेता येत नाही. पण औषधाचा खर्च दरमहा चालू राहतो. ३०-३२ बीएमआयच्या व्यक्तीने आधी औषध करून पाहणे समंजस ठरते. ४५ च्या वर मात्र औषधाने मिळणारी घट बहुधा अपुरी पडते.

निर्णयप्रक्रिया

निर्णय एकट्या शल्यविशारदाचा नसतो. फिजिशियन, आहारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांचे मत घेतले जाते. थायरॉइडसारखी कारणे तपासली जातात. जठराची एंडोस्कोपी व गरजेनुसार झोपेतील श्वसनाची चाचणी होते. उपचार न झालेले व्यसन किंवा तीव्र मानसिक आजार आणि नजीकच्या काळातील गर्भधारणेची योजना असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. धूम्रपान काही आठवडे आधी बंद करावे लागते. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून आधी कमी उष्मांकाचा आहार दिला जातो.

पुढील तपासणी कोठे होणार, हा रुग्णाने विचारण्याचा कळीचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात या शस्त्रक्रिया मुख्यतः मुंबई, पुणे यांसारख्या मोठ्या शहरांत होतात. तालुक्याच्या गावी परतलेल्या रुग्णाला रात्री पोटात दुखू लागल्यास तेथील डॉक्टरांना शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार माहीत असणे आवश्यक असते. डिस्चार्ज कार्डाची प्रत जवळ बाळगण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती आहारतज्ज्ञाच्या भेटीला सोबत असणे हेही तितकेच उपयुक्त.

विमा व खर्च

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या वगळणुकींनुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च ठरावीक अटी पूर्ण झाल्याखेरीज विम्यातून वगळता येतो. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने असावी, रुग्णाचे वय किमान १८ असावे आणि बीएमआय ४० किंवा अधिक असावा. अथवा तो ३५ किंवा अधिक असून सौम्य उपाय निष्फळ ठरल्यानंतर हृदयस्नायूचा लठ्ठपणाजन्य विकार, हृदयधमनी विकार, तीव्र स्लीप ॲप्निआ किंवा अनियंत्रित टाइप २ मधुमेह यांपैकी एक असावा. म्हणजे विम्याची अट १९९१ च्या निकषाच्या जवळ आहे. १६० सेंटिमीटर उंचीची ८० किलो वजनाची मधुमेही व्यक्ती आजच्या वैद्यकीय तत्त्वांनुसार पात्र ठरते, पण विम्याच्या या अटीत बसत नाही. तिला शस्त्रक्रियेचा खर्च स्वतः करावा लागतो, किंवा आजार आणखी वाढेपर्यंत थांबावे लागते. सैल त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया सौंदर्यशल्यचिकित्सा म्हणून बहुधा विम्याबाहेर राहते, आणि आयुष्यभर घ्यायच्या जीवनसत्त्वांचा खर्चही सर्वसाधारणपणे रुग्णाच्याच खिशातून होतो.