कुलूप, किल्ली आणि पाच वर्षांची गोळी

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढून झाली, केमोथेरपी आणि रेडिएशनही संपलं, की अनेक स्त्रियांना एक छोटी गोळी सुरू होते. तिचं नाव टॅमॉक्सिफेन. रोज एक, निदान पाच वर्षं. वर्ष-दीड वर्ष गेलं की प्रश्न येतो, "डॉक्टर, गाठ तर काढली. आता काहीच त्रास नाही. मग ही गोळी कशाला?" काही जणी विचारतही नाहीत, परस्पर बंद करतात.

"लिहून दिली आहे म्हणून घ्या" हे काही उत्तर झालं नाही. खरं उत्तर एका प्रथिनाच्या बदलत्या आकारात आहे, आणि ते सापडायला शंभर वर्षं लागली. ती हकिगत आज सांगतो.

१८९६ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी एक विलक्षण अनुभव प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रीची बीजकोषं, म्हणजे ओव्हरीज, काढल्यावर तिच्या गाठी विरल्या होत्या. 'हार्मोन' हा शब्दही तेव्हा जन्माला आला नव्हता. पुढे इतरांनी ही शस्त्रक्रिया करून पाहिली, तेव्हा साधारण तिघींपैकी एकीलाच गुण आला. बाकीच्या दोघींना का नाही, हे कुणालाच सांगता येईना.

त्याच सुमारास, १८९४ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी एक उपमा दिली होती. शरीरातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आपापला पदार्थ कसा ओळखतात? कुलूप किल्ली ओळखतं तसा. उपमा इतकी चपखल होती की पुढची साठ वर्षं तीच चालली. पण तिच्यात एक अडचण होती. कुलूप कडक असतं, प्रथिन तसं नसतं. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या डॅनियल कॉशलंड यांनी मांडलं की पदार्थ येऊन बसताना प्रथिन स्वतःचा आकार बदलतं. कासाराकडे बांगड्या भरताना काय होतं ते आठवा. बांगडी आहे तशीच राहते, हात मात्र आवळला जातो, अंगठा आत वळतो, तेव्हा कुठे ती मनगटापर्यंत चढते.

त्याच दशकाच्या अखेरीस शिकागोमध्ये एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्रोजेन उंदरांच्या माद्यांना दिलं आणि ते शरीरात कुठे जातं याचा माग काढला. बहुतेक अवयवांतून ते निघून गेलं, पण गर्भाशयासारख्या अवयवांत टिकून राहिलं, तेही रूप न बदलता. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. तेच इस्ट्रोजेन रिसेप्टर नावाचं प्रथिन. ज्या गाठींत हे प्रथिन भरपूर असतं, त्यांनाच हार्मोन रोखल्याचा फायदा होतो, हेही पुढे स्पष्ट झालं. बीटसनच्या कोड्याचं उत्तर मिळालं. तुमच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असतं ना, ते हेच.

पण हे प्रथिन करतं काय? ते पेशीच्या केंद्रकात डीएनएवर जाऊन बसतं आणि वाढीला लागणारी जनुकं चालू करतं. डीएनएची लिपी चार अक्षरांची आहे. त्या अफाट मजकुरातून हे प्रथिन सहा अक्षरं शोधतं: ए-जी-जी-टी-सी-ए. त्यानंतर कुठलीही तीन अक्षरं सोडून समोरच्या धाग्यावर, उलट दिशेने, तीच सहा. प्रथिनाचे दोन रेणू जोडीने येतात आणि प्रत्येक जण एक-एक शब्द पकडतो. १९९३ मध्ये केंब्रिजमध्ये जॉन श्वाबे, डॅनिएला ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी या पकडीची क्ष-किरणांनी रचना शोधली. मोकळ्या प्रथिनात एक भाग सैल, हलता असतो. डीएनएवर बसल्यावर तोच भाग नीट आकार घेतो आणि त्याच्याच आधाराने दोन्ही रेणू एकमेकांना धरतात. योग्य जागा सापडली की प्रथिन तिथे स्वतःला घडवतं, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपल्या गोळीकडे येऊ. टॅमॉक्सिफेन १९६२ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी तयार केलं. हवी होती गर्भनिरोधक गोळी. उंदरांमध्ये ती चालली, स्त्रियांमध्ये मात्र उलट बीज सुटायला मदत होऊ लागली. औषध बाजूला पडायचंच, पण १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमधून स्तनाच्या कर्करोगावर त्याचा उपयोग होत असल्याचा अहवाल आला आणि १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला परवानगी मिळाली.

ते नेमकं कसं काम करतं, याचं चित्र १९९८ मध्ये मिळालं. रिसेप्टरमध्ये इस्ट्रोजेन बसायला एक खोबण आहे आणि तिच्यावर एक हलतं झाकण आहे. इस्ट्रोजेन बसलं की झाकण लागतं आणि त्यामुळे शेजारी एक खाच तयार होते. त्या खाचेत मदतनीस प्रथिनं येऊन बसतात आणि जनुक चालू होतं. टॅमॉक्सिफेन त्याच खोबणीत बसतं, पण त्याचा एक हात बाहेर राहतो. झाकण लागत नाही, ते वळून थेट मदतनिसांच्याच खाचेत जाऊन पडतं. प्रथिन डीएनएवर बसू शकतं, पण मदतनिसांना जागा नाही. मालक दुकानात आला, पण कामगारांना आतच येता येईना, असं काहीसं.

यातूनच तुमच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. ही गोळी प्रथिन नष्ट करत नाही, फक्त त्याला चुकीच्या आकारात धरून ठेवते. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना न दिसणाऱ्या चुकार पेशी शरीरात उरलेल्या असू शकतात. गोळी थांबली की त्यांच्यातली जागा इस्ट्रोजेनला पुन्हा मोकळी होते. ईआर पॉझिटिव्ह कर्करोगात पाच वर्षं गोळी घेतल्याने या आजाराने होणारे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. काहींना दहा वर्षंही घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट. मदतनीस प्रथिनं प्रत्येक अवयवात सारखी नसतात. म्हणून स्तनात इस्ट्रोजेनला अडवणारी हीच गोळी गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनसारखी वागू शकते. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर लगेच सांगा. एका पायाला अचानक सूज आली किंवा धाप लागली तर रक्ताची गाठ झालेली असू शकते, तेव्हा वेळ न घालवता दवाखाना गाठा. ही गोळी चालू असताना गर्भधारणा टाळा. मानसिक आजाराच्या काही गोळ्या तिचा परिणाम कमी करतात, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरू नका. औषध शरीरात बरेच दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी दोन मात्र घेऊ नका. गरम वाफा, घाम, सांधेदुखी असा त्रास असेल तर तो मोकळेपणाने सांगा, त्यावर उपाय असतात. फक्त गोळी मनाने बंद करू नका. तुम्हाला आज काहीच त्रास नाही, यात त्या गोळीचाही वाटा असू शकतो.