सीतापुऱ्याचा सव्वा तास

सहा वर्षे आधी

जयपूर शहराच्या दक्षिणेला, टोंक रस्त्यावर, सीतापुरा नावाची औद्योगिक वसाहत आहे. तिथे इंडियन ऑइलचा मोठा डेपो होता, २००९ मध्ये स्फोटाने पेटला तोच. अकरा टाक्या, त्यांत पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या चौमूंपासून दक्षिणेच्या चाकसूपर्यंत कुणाच्याही दुचाकीत पडणारे पेट्रोल अशाच कुठल्या तरी टाकीतून आलेले असते आणि त्या टाकीचा विचार आपण कधी करत नाही.

टाकीच्या बुडाशी मोटरवर चालणारी एक झडप असते. नियंत्रण कक्षात बसून बटण दाबले की ती मिटावी, अशी सीतापुऱ्याची मूळ रचना होती. २००३ पासून ती सोय बंद होती. त्यानंतर झडप मिटवायची तर माणसाने उठून टाकीपाशी जायचे, मग तिथे परिस्थिती काहीही असो.

यात गुपित काहीच नव्हते. त्या कक्षात पाळीवर बसणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असणारच. सहा वर्षांत किती पाळ्या झाल्या असतील, किती तपासण्या झाल्या असतील, किती नोंदवह्या भरल्या गेल्या असतील! बटण मात्र तसेच राहिले.

त्याच २००३ सालात, २७ नोव्हेंबरच्या पहाटे, गयेत सत्येंद्र दुबे या अभियंत्याचा गोळ्या घालून खून झाला. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला हा तरुण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात होता. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्याने आदल्या वर्षी थेट पंतप्रधानांना पत्र लिहून कळवला होता आणि आपले नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरले. देशभर आरडाओरड झाल्यावर सरकारने एप्रिल २००४ मध्ये एक ठराव काढला आणि अशा तक्रारी घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवले.

दुबे आणि सीतापुऱ्याची झडप यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण सरकारी कंपनीतला माणूसही वर्तमानपत्र वाचतो. वरच्याला लेखी कळवावे की नाही, हे ठरवताना त्याच्यासमोर असलीच उदाहरणे असतात.

चार वर्षे आधी

१९ नोव्हेंबर २००५. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात षण्मुगम मंजुनाथ या इंडियन ऑइलच्याच विक्री अधिकाऱ्याला गोळ्या घालून मारण्यात आले. वय सत्तावीस, शिक्षण आयआयएम लखनौचे. भेसळ करणाऱ्या एका पेट्रोल पंपाला त्याने टाळे ठोकले होते आणि पंप पुन्हा सुरू झाल्यावर तो परत तपासणीला गेला होता. त्याचा मृतदेह त्याच्याच गाडीत सापडला. खटला चालला, मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आरोपींचा हिशेब चुकता झाला म्हणू. सत्तावीस वर्षांच्या पोराला एकट्याने भेसळखोरांच्या अंगावर जावे लागते, ही व्यवस्था कुणाची, हा प्रश्न त्या खटल्याच्या कक्षेतच नव्हता.

त्याच्या महिनाभर आधी, १२ ऑक्टोबर २००५ ला, माहितीचा अधिकार देशभर लागू झाला होता. या कायद्याची मुळे राजस्थानातच आहेत. १९९६ च्या एप्रिलमध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने ब्यावरच्या चौकात धरणे धरले, तिथून ही मागणी देशाला कळली. हा कायदा मोलाचा आहेच. पण त्याची एक मर्यादा आहे : तो प्रश्न विचारणाऱ्याला बळ देतो. डेपोतले अमुक बटण चालते का, हे बाहेरच्या नागरिकाला विचारायचे सुचणार कसे? ते आतल्या माणसालाच ठाऊक. आणि त्याला कुणी विचारत नाही.

मंजुनाथच्या खुनानंतर तीन आठवड्यांनी, ११ डिसेंबर २००५ च्या रविवारी पहाटे, इंग्लंडमध्ये बन्सफील्ड येथे तेलाच्या डेपोतली एक टाकी भरून वाहू लागली. पातळी दाखवणारा काटा अडकला होता आणि धोक्याची पातळी आली की पुरवठा तोडणारे यंत्रही चालले नाही. वारा नव्हता. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत गेली आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. ४३ माणसे जखमी झाली. मेले कुणी नाही, कारण रविवारची पहाट होती. पुढची तीन वर्षे तिथल्या चौकशी मंडळाचे अहवाल एकामागून एक येत राहिले, कुणालाही वाचता येतील असे. उघड्यावर सांडलेले पेट्रोल शांत हवेत काय करू शकते, हे २००८ पर्यंत तेलधंद्यातल्या जगाला कळून चुकले होते.

दोन तास आधी

२९ ऑक्टोबर २००९, गुरुवार. कार्तिकी एकादशी. पंढरपुरात गर्दी उसळलेली आणि जयपुरात देवउठनीचा मुहूर्त. त्या दिवशी लग्न लावायला तिकडे पंचांग पाहावे लागत नाही.

सीतापुऱ्यात त्या संध्याकाळचे काम नेहमीचे होते. शेजारीच भारत पेट्रोलियमचा डेपो, त्याला नळाने पेट्रोल आणि रॉकेल द्यायचे होते. दोन्ही कंपन्यांच्या माणसांनी टाकीची पातळी मोजायची, मग नळ जोडून द्यायचा. पाळीतला एक कामगार जागेवर नव्हता. या कामाची त्या जागेपुरती लेखी कार्यपद्धती नव्हती, हे पुढे चौकशी समितीने नोंदवले. म्हणजे झडपांचा क्रम माणसांच्या डोक्यात होता आणि हाताच्या सवयीत होता.

सव्वा तास आधी

इथे थोडे थांबून यंत्र समजून घ्यायला हवे, कारण सगळे त्यातच आहे.

टाकीतून निघणाऱ्या नळावर 'हॅमर ब्लाइंड' नावाचा अडसर होता. आत एक जाड पत्रा, त्याची एक बाजू भरीव आणि दुसरी भोकाची. भरीव बाजू नळात असेल तर थेंब जात नाही, भोकाची बाजू आणली की वाट मोकळी. बाजू बदलायची तर अडसराचे वरचे झाकण उघडावे लागते. जितका वेळ ते उघडे, तितका वेळ नळाला आभाळाकडे तोंड. म्हणून नियम असा की आधी टाकीची झडप मिटलेली आहे याची खात्री करायची, मग पत्रा फिरवायचा, झाकण घट्ट बसवायचे आणि सर्वांत शेवटी टाकी उघडायची.

सहा वाजून गेल्यावर काही मिनिटांत हा क्रम मोडला. पत्रा फिरवला जात असताना टाकीची झडप उघडी होती. टाकीतल्या साऱ्या पेट्रोलचा भार त्या उघड्या तोंडावर आला आणि कारंजे उडाले. झडपेशी असलेला माणूस पेट्रोलने न्हाला, वाफेने गुदमरला. त्याला सोडवायला धावलेला सहकारीही तिथेच अडकला.

आता एकच काम उरले होते, टाकीची झडप मिटवणे. कक्षातले बटण सहा वर्षे मेलेले. टाकीपाशी जायचे तर वाफेतून जायचे, आणि त्यासाठी लागणारे हवेचे नळकांडे व अंगभर पोशाख हाताशी नव्हते. पाळीवरच्या दोन-तीन माणसांपैकी दोघे आधीच पडलेले.

चूक कुणाच्याही हातून होते. थकलेला, घाईतला, एक सहकारी कमी असलेला माणूस झडपांचा क्रम चुकवणार, हे गृहीत धरूनच तर कारखाना बांधायचा असतो.

एक तास आधी

पेट्रोल वाहतच होते. टाक्यांभोवती बंधारे असतात ते सांडलेले तेल आत अडवायला, पण या बंधाऱ्याच्या निचऱ्याची झडप उघडी होती. तेल पावसाच्या पाण्याच्या गटारात उतरले आणि आवारात पसरले. सूर्य मावळून गेला होता. वारा पडलेला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही. ती भिंतीभिंतीने, खोलगट जागा शोधत सरकते.

डेपोला संकटकाळात बाहेर पडायचा दुसरा दरवाजा होता, तोही वापरण्याजोगा ठेवलेला नव्हता.

अर्धा तास आधी

या अर्ध्या तासाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही, आणि तेच भयंकर आहे. काहीही घडले नाही. गळती थांबवायला कुणी पुढे जाऊ शकले नाही. समितीने पुढे लिहिले की सुरुवातीच्या मिनिटांत कृती झाली नाही आणि नंतर कुणाकडूनच प्रतिसाद असा उरला नाही. आवाराच्या कुंपणापलीकडे कारखाने होते, त्यांत माणसे काम करत होती. त्यांच्या भिंतीपलीकडे काय साचत चालले आहे, हे जाणून घेण्याचा हक्क त्यांना होता. तो कुणी जपला नाही.

साडेसात

सुमारे हजार टन पेट्रोल सांडून झाल्यावर ठिणगी मिळाली. कुठून, हे नक्की सांगता येत नाही. प्रशासकीय इमारतीतले एखादे साधे विजेचे उपकरण किंवा आवारात सुरू झालेले एखादे वाहन, असा समितीचा अंदाज आहे. स्फोटाची ताकद वीस टन टीएनटीइतकी धरली गेली. भूकंपमापकावर २.३ ची नोंद झाली. दोन किलोमीटरवरच्या खिडक्या फुटल्या. आगीचा गोळा सबंध डेपोवर पसरला आणि टाक्या पेटत गेल्या.

समितीच्या नोंदीप्रमाणे अकरा माणसे गेली. सहा कंपनीची, पाच बाहेरची. नंतरच्या बातम्यांत हा आकडा बारा येतो.

अकरा दिवस

आग विझवायची नाही असे ठरले. विझवायला जाऊन आणखी अपघात ओढवण्यापेक्षा तेल जळून संपू द्यावे, हा कंपनीचा निर्णय होता आणि त्या घडीला तो बहुधा शहाणपणाचाच होता. सुमारे साठ हजार किलोलीटर इंधन अकरा दिवस जळत राहिले. कंपनीने नुकसान सांगितले २८० कोटी रुपये.

तीन महिने

पेट्रोलियम मंत्री तेव्हा मुंबईचे मुरली देवरा. मंत्रालयाने चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्ष एम. बी. लाल. ते हिंदुस्थान पेट्रोलियमचे माजी अध्यक्ष. म्हणजे तेल कंपनीची चौकशी तेल कंपनी चालवलेल्या माणसाकडे. असे असूनही अहवाल बुळबुळीत नाही, हे मान्य केले पाहिजे. २९ जानेवारी २०१० ला तो सादर झाला. लेखी कार्यपद्धतीचा अभाव, दुरून गळती थांबवण्याची सोय नसणे आणि धोक्याची पुरेशी समज नसणे, ही मूळ कारणे त्यात स्वच्छ शब्दांत आहेत. बंद पडलेल्या बटणाची नोंद आहे, उघड्या निचऱ्याची आहे.

मला त्यात एक गोष्ट सापडत नाही. बटण बंद आहे हे सहा वर्षांत कुणी वर कळवले का? कळवले असेल तर ते कुणाच्या टेबलावर थांबले? कळवले नसेल तर का? झडप चुकलेल्या कामगाराचा शोध घेणे सोपे असते, तो जागच्या जागी सापडतो. दुरुस्तीचा खर्च आणि निर्णय ज्यांच्या सहीने होतात ते जळत नाहीत.

आठ महिने

२ जुलै २०१० रोजी राजस्थान पोलिसांनी इंडियन ऑइलच्या नऊ अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाच्या आरोपावरून अटक केली. त्यांत राज्याचे महाव्यवस्थापक होते. सरकारी कंपनीच्या इतक्या वरच्या माणसाला अटक होणे ही आपल्याकडे बातमीच. पण आरोप माणसांवर, संस्था बाजूला.

त्याच जुलैत इंग्लंडमध्ये बन्सफील्डचा निकाल लागला. एकही माणूस न मेलेल्या त्या स्फोटाबद्दल पाच कंपन्या दोषी ठरल्या आणि दंड व खर्च मिळून त्यांना सुमारे ९५ लाख पौंड भरावे लागले. टोटलसारख्या बलाढ्य कंपनीला सर्वांत मोठा वाटा उचलावा लागला. रक्कम त्यांच्या मानाने किरकोळच. पण गुन्हा कंपनीच्या नावावर नोंदला गेला.

त्यानंतर

सीतापुऱ्याला सव्वा वर्ष होते न होते तोच, २५ जानेवारी २०११ रोजी, मनमाडजवळच्या पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जाळून मारले गेले. तेलाच्या डेपोंच्या परिसरात चाललेली भेसळ आणि चोरी पाहून ते गाडीतून उतरले होते. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. त्यानंतर राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले, छापे पडले, काही आठवडे टँकर तपासले गेले.

दुबे, मंजुनाथ, सोनवणे ही तीन नावे आपण हुतात्म्यांच्या यादीत घातली, त्यांतल्या काहींच्या नावाने पुरस्कारही निघाले. गैरप्रकार उघड करणाऱ्या जागल्याला हारतुरे नकोत, त्याला जिवंत राहून नोकरी करता यायला हवी. आणि सीतापुऱ्यात तर तलवार घेऊन कुणावर धावायचेही नव्हते. एक अर्ज लिहायचा होता : बटण चालत नाही, दुरुस्त करा, नाहीतर वर कळवतो. एवढे लिहिणाऱ्याची बदली होणार नाही, गोपनीय अहवाल काळा होणार नाही, याची हमी देणारा कायदा हवा होता.

तो झाला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ च्या फेब्रुवारीत मंजूर केला आणि ९ मे २०१४ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तो लागू व्हायच्या आधीच त्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक आले. २०१५ मध्ये लोकसभेने ते मंजूर केले, पुढे ते बारगळले. मूळ कायदा कोणत्या तारखेपासून अमलात येणार, हे सांगणारी अधिसूचना मात्र केंद्र सरकारने आजतागायत काढलेली नाही.